चतुर्थी विभक्तीतली माणसं

दिवाळी महिनाभरावर आली की नात्यातल्या, सोसायटीतल्या, जुन्या सहकाऱ्यांच्या सगळ्या गटांमधून एकच निरोप फिरू लागतो. "यंदाची दिवाळी आदिवासी पाड्यावर! आदिवासी बांधवांना फराळ, कपडे आणि ब्लँकेट. मुलांना वह्या, पेन्सिली, रंगपेट्या. बसमध्ये मोजक्याच जागा शिल्लक." खाली हात जोडलेली चित्रं. आमच्या भाचे-पुतण्यांनीही यंदा जव्हारकडे जाणारी एक बस ठरवली आहे. मी वर्गणी देणार नाही असं सांगितल्यापासून घरात वातावरण थोडं तापलं आहे. "आत्या, तू शिक्षिका असून असं म्हणतेस?" असं एकीने विचारलंही. अगं, शिक्षिका आहे म्हणूनच म्हणते! पण फोनवर हे सगळं बोलता येत नाही, मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी होते. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. नातेवाईकांनी रागावण्याआधी शेवटपर्यंत वाचावं, एवढीच विनंती.

मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. वाक्य दिसलं की त्यातला कर्ता कोण आणि कर्म कोण हे शोधायची खोड लागली आहे, ती आता या वयात जाणार नाही. आपल्या या निरोपांमधली वाक्यं बघा. आदिवासींना कपडे दिले. आदिवासींना धान्य दिलं. आदिवासींना सौरकंदील वाटले. कर्ता आपण, कर्म म्हणजे कपडे, धान्य, कंदील. आणि आदिवासी? ते कायम चतुर्थी विभक्तीत. संप्रदान. म्हणजे ज्याला द्यायचं तो. वर्षानुवर्षं त्याच त्या 'ना' प्रत्ययाला धरून उभा असलेला माणूस.

आता संस्थांच्या अहवालांतला लाडका शब्द घ्या : शाश्वत विकास. शाश्वत म्हणजे टिकणारा. देणारा निघून गेल्यावरही जो उरतो तो शाश्वत. कर्ता बसमध्ये बसून परत गेला की जे वाक्य तिथेच संपतं, त्याला शाश्वत कसं म्हणायचं? तिथल्या माणसाला स्वतःच्या वाक्याचा कर्ता होता आलं पाहिजे, आणि ते वस्तू देऊन होत नाही. त्यासाठी कुणीतरी माणूस तिथे दहा-पंधरा वर्षं राहावा लागतो. म्हणून माझं म्हणणं अगदी सरळ आहे. वस्तू पाठवणं थांबवा आणि तिथे राहून काम करणाऱ्या माणसाच्या पगाराला पैसे द्या. हो, पगाराला. हा शब्द ऐकला की आपल्या कपाळावर आठी पडते हे मला माहीत आहे. त्या आठीशीच माझं भांडण आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे मोखाड्याच्या बाजूला जाणं झालं. तिच्या शेजारच्या घरात तीन सौरकंदील एका रांगेत टांगलेले होते. प्रत्येकावर वेगळ्या देणगीदाराचं नाव, आणि तिन्ही बंद. एकाची बॅटरी गेलेली, दुसऱ्याची वायर उंदरांनी खाल्लेली, तिसऱ्याचं काय बिघडलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दुरुस्ती करणारा माणूस कुठे? तो कुणीच दिला नव्हता, कारण कंदिलावर नाव छापता येतं, माणसावर येत नाही! घरमालक तक्रार करत नव्हते बरं का. हसत म्हणाले, "बाई, दिवाळीत चौथा येईल." त्या तिन्ही कंदिलांच्या पैशातून पाड्यावरच्या एका पोराला दुरुस्ती शिकवली असती, तर तिन्ही कंदील चालले असते आणि त्या पोरालाही काम मिळालं असतं.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. जिल्हा बदलला, पण एक गोष्ट बदलली नाही. भाताची आणि नागलीची कापणी झाली, दिवाळी आटोपली की अनेक घरं गाठोडी बांधून खाली उतरतात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, वाळूच्या कामावर. मुलंही बरोबर जातात. म्हणजे आपली बस फराळ घेऊन घाट चढत असते, तेव्हा कितीतरी कुटुंबं घाट उतरायच्या तयारीत असतात. आपण दिलेलं ब्लँकेट भट्टीवरच्या झोपडीत जातं. मुलांना दिलेल्या वह्याही तिथेच. शाळा मात्र डोंगरावर राहते.

हे स्थलांतर थांबवायचं तर काय लागतं? उन्हाळ्यात गावातच थांबण्याजोगं काम आणि चार पैसे. ते कसं होऊ शकतं याचं उदाहरण आपल्याजवळच आहे. उरुळीकांचनला १९४६ साली गांधीजी आले होते. ते निघून गेले, पण मणिभाई देसाई मागे राहिले, ते १९९३ साली मरेपर्यंत तिथलेच झाले. त्यांनी १९६७ साली सुरू केलेली संस्था म्हणजे बाएफ. या संस्थेने १९८२ साली गुजरातेत वांसद्याला आदिवासी शेतकऱ्यांबरोबर 'वाडी'चं काम सुरू केलं आणि पुढे ते जव्हारकडेही आलं. कल्पना ऐकायला अगदी साधी आहे. कुटुंबाकडे जी डोंगरउताराची हलकी जमीन असेल, त्यातल्या एकरभरात आंबा-काजूची कलमं लावायची. कडेने कुंपणाची आणि लाकूडफाट्याची झाडं, आणि कलमं मोठी होईपर्यंत मधल्या जागेत भाजीपाला, नागली, कडधान्य. नाबार्डने २००३-०४ पासून आदिवासी विकास निधीतून हाच नमुना इतर राज्यांतही नेला.

कल्पना साधी, पण काम साधं नाही. खड्डे खणायचे ते पावसाआधी, भर उन्हात. पहिले दोन-तीन उन्हाळे प्रत्येक कलमाला डोक्यावरून हंडा आणून पाणी घालायचं. शेळ्या राखायच्या, वणवा राखायचा. कलमाला म्हणण्यासारखं फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. तोवर शेतकऱ्याचा धीर सुटतो. "भट्टीवर गेलो असतो तर उचल तरी मिळाली असती," असं तो म्हणतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. अशा वेळी त्याच्या बांधावर जाऊन बसणारा, मेलेल्या कलमाच्या जागी दुसरं आणून देणारा, पाण्याची काही सोय करता येते का ते बघणारा माणूस लागतो. कलम फुकट वाटणारे पुष्कळ भेटतील हो. पावसाळ्यात झाडं लावतानाचे फोटो तर आपण सगळेच बघतो. चौथ्या उन्हाळ्यात त्या झाडापाशी कोण उभं असतं, ते विचारा.

इथे आपल्या मोठ्या कंपन्यांचाही विषय काढायला हवा, कारण आमच्या घरातली दोन मुलं अशा कंपन्यांत 'सामाजिक जबाबदारी'च्या विभागात आहेत आणि ती हे वाचणार आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं. चांगला कायदा आहे. पण २०२१ च्या नियमांत 'चालू प्रकल्प' कशाला म्हणायचं, तर सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालणारा! आता तुम्हीच गणित करा. आंबा पाचव्या वर्षी धरणार आणि प्रकल्पाची फाइल त्याआधीच बंद होणार. मग संस्थेने काय करायचं? तीन वर्षांत मोजता येतील अशीच कामं घ्यायची. किती टाक्या बांधल्या, किती शिबिरं घेतली, किती 'लाभार्थी' झाले. लाभार्थी! पुन्हा चतुर्थीच.

आता कर्ता कसा होतो त्याचं उदाहरण. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे जेमतेम शंभरेक घरांचं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तुम्ही ऐकली असेल, ती याच गावाची. देवाजी तोफा हे तिथलं नाव सगळ्यांना माहीत आहे. वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल या गावात १९८० च्या दशकात गेले आणि त्यांचं जाणं-येणं पुढे दशकानुदशकं चालू राहिलं. त्यांनी तिथे काय वाटलं? काही नाही. ते बसले. गावात अभ्यासगट सुरू झाला. जंगलाचा कायदा काय म्हणतो, गावाचा हक्क कुठे सुरू होतो, बांबू कसा तोडला तर पुन्हा वाढतो, यावर रात्र-रात्र बोलणं. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. किती वेळखाऊ! पण त्या वेळातच गाव तयार झालं.

मग वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि २००८ पासून अमलात आला, तेव्हा बाकीची गावं कायदा काय आहे ते विचारत होती आणि मेंढ्याचा दावा तयार होता. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. देशात सर्वांत आधी असा हक्क मिळालेल्या गावांत मेंढा आहे. तरी बांबूवर घोडं अडलं. वनहक्क कायदा म्हणतो बांबू हे गौण वनउपज, म्हणजे गावाचं. वनखातं १९२७ च्या कायद्यावर बोट ठेवून म्हणत होतं बांबू हे झाड, म्हणजे आमचं. बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना हवा आणि तो देणार वनखातं. गाव हटलं नाही. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर गावानेच बांबू विकला. पुढे २०१३ साली सगळ्या गावाने आपली जमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केली. त्या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूपानाचा आणि बांबूचा व्यवहार स्वतः करतात.

"गावाने बांबू विकला." करा या वाक्याचं व्याकरण. कर्ता कोण? गाव. हे वाक्य तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागली. त्या वर्षांचा फोटो कसा काढणार? रात्री कंदिलाच्या उजेडात पंधरा माणसं बोलत बसली आहेत, एवढंच दिसेल. असल्या फोटोवर वर्गणी जमत नाही, हेच आपलं दुखणं आहे.

त्याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण फक्त चार ओळींत सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. घरी जाऊन नवजात बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, ताप बघायचा, गरज पडली तर औषध द्यायचं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये जे छापून आलं त्याप्रमाणे तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात हीच पद्धत आली. आता समजा, आपण बसमधून त्या गावांत फक्त थर्मामीटर आणि वजनकाटे वाटून आलो असतो, तर? एकही बाळ वाचलं नसतं. वाचवलं ते काटा हातात धरणाऱ्या बाईने.

आता आक्षेपांकडे वळते. घरच्यांनी घेतलेले सगळे आक्षेप वहीत लिहून ठेवले आहेत!

पहिला : "आमचा पैसा गरिबांपर्यंत जावा, पगारात नको." बाळांनो, मी ज्या शाळांत शिकवलं त्यांच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा आम्हा शिक्षकांच्या पगाराचा असायचा. खडू, फळा, नकाशे यांचा खर्च त्यापुढे नगण्य. म्हणून कुणी असं म्हटलं का, की या शाळेचा सगळा पैसा पगारात जातो आणि मुलांपर्यंत काहीच पोचत नाही? शाळा म्हणजेच शिक्षक. तुम्ही शिकलात ते पगार घेणाऱ्या माणसांकडूनच ना! मग पाड्यावर काम करणाऱ्या मुलीने तेवढं हवा खाऊन जगायचं?

दुसरा : "खरे कार्यकर्ते पैसे मागत नाहीत, त्यागाने काम करतात." हा आपला फारच आवडता आक्षेप. आपल्याला एक संत लागतो. त्याचं भाषण ऐकायचं, पाया पडायचं, मुलांना दाखवायचं. हेमलकशाला १९७३ साली सुरू झालेल्या कामाबद्दल मला अपार आदर आहे. पण एका मोठ्या माणसामागे शंभर साधी माणसं असतात. त्यांना आईवडील असतात, मुलांच्या फिया असतात, पाठदुखी असते. त्यांनी दोन वर्षं काम करून शहरात नोकरी धरली की आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांत तळमळ नाही. तळमळीला भाडं भरता येत नाही हो. दुसऱ्याच्या त्यागावर आपल्या पुण्याचा हिशेब मांडणं मला काही पटत नाही.

तिसरा : "भुकेल्याला अन्न द्यायचं नाही का?" द्यायचं. जरूर द्यायचं. पूर आला, घर जळलं, साथ आली तर आधी भाकरी आणि अंथरूण, बाकी सगळं नंतर. त्याला मी एका शब्दानेही विरोध केलेला नाही. पण दर वर्षी ठरल्या तारखेला येणारी दिवाळी ही आपत्ती नव्हे. भूक दर वर्षी त्याच महिन्यात येत असेल, तर तिच्यावर उपाय लाडू हा नाही. आणि रेशन, पोषण आहार, रोजगार हमी ही तर त्यांची हक्काची गोष्ट आहे. हमीच्या कामाचा अर्ज भरून त्याची पोच मागायला शिकवणारा माणूस गावात असेल, तर तो दहा ट्रक धान्याइतका उपयोगी पडतो.

चौथा : "संस्था लबाड असतात." काही असतात. शिक्षकही असतात, डॉक्टरही असतात. म्हणून तर प्रश्न विचारायचे. पण आपण चुकीचा प्रश्न विचारतो. "किती जणांना वाटलंत?" हा प्रश्न विचारला की संस्था वाटपच करणार. त्याऐवजी हे विचारा : याच गावांत तुम्ही किती वर्षं आहात? तुमच्या कामाच्या माणसांत त्या गावांतलेच किती? आणि त्यातले निर्णय घेणाऱ्या जागांवर किती? तुमचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जातो का? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा : आजवर कुठलं काम तुम्ही गावाकडे सोपवून स्वतः बाजूला झालात? या प्रश्नाला ज्या संस्थेकडे उत्तर आहे तिला डोळे मिटून पगारासाठी पैसे द्या. जिच्याकडे नुसते फोटो आहेत तिला नमस्कार करून परत या.

यंदाच्या आमच्या बसचा अंदाजी हिशेब पुतण्यानेच मला पाठवला आहे. भाडं, आपलं जेवण, बॅनर, फराळाचे डबे, ब्लँकेट असं सगळं मिळून लाखाच्या थोडं वर जातं. म्हणजे महिना बारा हजार मानधन धरलं तर गावातल्याच एका बारावी झालेल्या मुलीचं आठ-नऊ महिन्यांचं काम. आपण पंधरा कुटुंबं आहोत. दर वर्षी हीच रक्कम, थोडी वाढवून, एकाच संस्थेला, एकाच कामासाठी, सलग दहा वर्षं द्यायची. 'चेक कुठे वापरला' म्हणून दर महिन्याला फोटो मागायचे नाहीत. वर्षाअखेर एक पत्र पुरे. अशी योजना कुणी केली तर माझ्या पेन्शनमधून माझा वाटा पहिला. पंचाहत्तरी उलटली आहे, दहा वर्षं पुरेन की नाही ते माहीत नाही, पण ते पैसे वेगळे काढून ठेवीन.

आणि मुलांना आदिवासी जीवन दाखवायचं आहे ना? जरूर दाखवा. पण ग्रामसभेच्या दिवशी न्या, गावाने बोलावलं तर. मागे बसायचं, मधे बोलायचं नाही, जेवण घेतलं तर त्याचे पैसे द्यायचे. आपल्या इंग्रजी शाळेतल्या मुलांना जन्मात एकदा तरी कळू दे की दुसरं कुणी बोलत असताना आपण ऐकणारे असतो.

असो. लेख लांबला. पुतण्या, तुझी बस मी काही रद्द करू शकत नाही, तुम्ही जा, सांभाळून जा, घाटात रस्ता वाईट आहे. पण परत आलात की रविवारी माझ्याकडे या आणि वरच्या पाच प्रश्नांची उत्तरं आणा. भांडायचं असेल तर भांडू. चकल्या करून ठेवते.